पंधरावा दगड

टूरच्या छापील कार्यक्रमात देवळं बघण्याच्या तीन जाती असतात : ‘आतून’, ‘बाहेरून’ आणि ‘बसमधून’. ‘आतून’ म्हणजे तिकीट कंपनीने काढलेलं असतं. ‘बाहेरून’ म्हणजे तिकीट कंपनीने वाचवलेलं असतं. ‘बसमधून’ म्हणजे टूर मॅनेजर माइकवर “उजवीकडे बघा” म्हणतो आणि सगळी बस माना वळवेपर्यंत तिथे पेट्रोल पंप आलेला असतो. मुरलेला प्रवासी बुकिंगच्या वेळी या तीन शब्दांवर लाल पेनाने खुणा करतो आणि “समोरच्यांकडे ‘आतून’ जास्त आहेत,” म्हणून हुज्जत घालतो. मी घातली होती. शेवटी टेबलापलीकडच्या मुलीने कंटाळून एक ‘बाहेरून’ खोडलं आणि त्यावर ‘आतून’ लिहिलं, तेव्हा मी गड सर केल्याच्या थाटात चेक फाडला.

क्योटोला गेल्यावर कळलं की चौथीही एक जात आहे. तिकीट काढलेलं असतं, आपण आत असतो, डोळे टक्क उघडे असतात, आणि तरी वस्तू दिसत नाही.

क्योटो हे शहर ७९४ पासून १८६८ पर्यंत जपानची राजधानी होतं. या हजारावर वर्षांत तिथल्या लोकांना जेव्हा जेव्हा दुसरं काही सुचलं नाही तेव्हा तेव्हा त्यांनी देऊळ बांधलं असावं. बौद्ध देवळं सुमारे सोळाशे, शिंतो देवस्थानं सुमारे चारशे. शहरातली आणि शेजारची मिळून सतरा ठिकाणं युनेस्कोने १९९४ साली जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. बसमध्ये ही माहिती ऐकताच नाशिकच्या काकांनी मोबाइलवर हिशेब केला.

“दोन हजार देवळं. रोज पाच उरकली तर चारशे दिवस.”

“आणि आपल्याकडे किती वेळ आहे?”

“संध्याकाळी पाचपर्यंत. पाचला देवळं बंद होतात.”

आमच्या ग्रुपमध्ये नाशिकचे काका देव या विषयातले जाणकार. डोंबिवलीच्या काकूंकडे खाद्यपदार्थांचं खातं. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब होते, ते प्रत्येक गोष्टीचा ताळेबंद तपासत. एक नवं जोडपं होतं, त्यांनी जपान फोनच्या पडद्यावरच पाहिला. मान वर केली असती तर तो त्यांना आहे त्या ठिकाणीही दिसला असता. आमचा टूर मॅनेजर पंचविशीतला होता आणि दर तासाला एकेक वर्षाने म्हातारा होत होता. माझ्याबरोबर माझी बायको होती. ती माझ्याबद्दल बाकीच्यांना काय काय सांगत होती ते मला संध्याकाळी कळलं.

साडेसातला बस निघणार होती. पांढरे हातमोजे घातलेला ड्रायव्हर सव्वासातपासून दाराशी उभा राहून प्रत्येकाला कमरेत वाकून नमस्कार करत होता. काकूंना वाटलं आपणही वाकायला हवं. त्या वाकल्या, म्हणून तो पुन्हा वाकला, म्हणून त्या पुन्हा वाकल्या. मागे रांग थांबली. शेवटी टूर मॅनेजरने काकूंना सरळ करून आत बसवलं. सात वाजून एकतीस मिनिटांनी बस हलली. ड्रायव्हरने त्या एका मिनिटाबद्दल माइकवरून माफी मागितली. ते मिनिट साहेबांचं होतं. ते केळं आणायला खोलीवर परत गेले होते.

पहिलं देऊळ कियोमिझुदेरा. ७७८ सालची स्थापना, म्हणजे शहर राजधानी होण्याच्याही आधीची. बस खाली थांबते आणि देवळापर्यंत चढाची गल्ली आहे. गल्लीच्या दोन्ही बाजूंना दुकानं, आणि काही दुकानांबाहेर दालचिनी घातलेल्या यात्सुहाशी नावाच्या मिठाईचे तुकडे चाखायला ठेवलेले. देवळाकडे निघालेला आमचा ग्रुप तिथे पांगला. फुकटचा तुकडा एकदा खाऊन पुढे जाणारा माणूस आमच्यात नव्हता. काकू तर रंगांप्रमाणे चव बदलते का हे बघायला परत खाली गेल्या आणि “बदलत नाही,” असा निकाल घेऊन वर आल्या.

गल्लीत किमोनो घातलेल्या सुंदर मुली लगबगीने चालल्या होत्या. साहेब हरखले. हाच तो खरा जपान, असं म्हणत त्यांनी दोघींना खुणेने थांबवलं, आणि बोटं, भुवया, कॅमेरा सगळं वापरून ‘तुमचा एक फोटो काढू का’ असं विचारलं.

“काढा की काका,” त्यातली एक म्हणाली. “आम्ही ठाण्याच्या. किमोनो भाड्याचा आहे.”

गाईडबाईंच्या हातात पिवळा झेंडा होता. त्या दिवशी कियोमिझुदेराला आलेल्या बहुतेक गाईडबाईंच्या हातात पिवळाच झेंडा असावा. कारण अर्धा ग्रुप कुठल्याशा दुसऱ्या झेंड्यामागे गेला आणि बराच वेळ कोरियन भाषेत इतिहास ऐकून परत आला. त्यांना विचारलं, काय सांगितलं? “छान सांगितलं,” ते म्हणाले.

इथला मुख्य सभामंडप १६३३ सालचा. त्याच्यापुढे डोंगराच्या पोटातून उभ्या राहिलेल्या लाकडी खांबांवर सज्जा आहे, तेरा मीटर उंच, खिळा न मारता जोडलेला. इथून उडी मारून माणूस जगला तर मनातली इच्छा पुरी होते, असा पूर्वी समज होता. देवळाच्या दप्तरात एदो काळातल्या अशा २३४ उड्यांची नोंद आहे.

“मेले असतील सगळे,” काका म्हणाले.

“सुमारे ८५ टक्के वाचले,” गाईडबाई म्हणाल्या. “१८७२ साली सरकारने बंदी घातली.”

साहेबांनी कठड्यावरून खाली पाहिलं आणि सुस्कारा सोडला. “पंच्याऐंशी टक्के वसुली! आमच्या शाखेला कधी जमली नाही.”

आता देवीचं दर्शन. ही कान्नोन, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराचं जपानी रूप, अकरा मुखांची, हजार हातांची. सगळ्यांनी चपला-बूट सावरले, काकूंनी डोक्यावर पदर घेतला.

“मूर्ती कुठे आहे?”

“आत. बंद आहे.”

“मग उघडते किती वाजता?”

“तेहतीस वर्षांतून एकदा,” गाईडबाई हसतमुखाने म्हणाल्या. “मागची पाळी २००० साली झाली. पुढची २०३३ साली.”

शांतता पसरली. काकांनी खिशातून कार्यक्रमाचा कागद काढला आणि टूर मॅनेजरच्या नाकासमोर धरला. “इथे ‘आतून’ लिहिलंय.”

“काका, आपण आतच आहोत.”

“पण देवी कुठे दिसली?”

“ती आणखी आत आहे.”

खाली ओतोवा धबधब्याचं पाणी तीन धारांनी पडतं. एक दीर्घायुष्याची, एक विद्येची, एक प्रेमाची. लांब दांड्याचे डाव अतिनील किरणांच्या कपाटात निर्जंतुक करून ठेवलेले असतात. एक उचलायचा, धार धरायची, प्यायचं. अट एवढीच, की तिन्ही धारांचं पाणी प्यायलं तर ती हाव समजतात. निवड करायची.

“तुम्ही विद्येचं प्या,” बायको म्हणाली.

“आणि तू?”

“मी दीर्घायुष्याचं. मागचं निस्तरायला कुणीतरी लागेल ना.”

प्रेमाची धार आमच्या ग्रुपमधल्या विवाहितांनी बिनविरोध सोडून दिली. नव्या जोडप्याला ती प्यायची होती, पण व्हिडिओ नीट येईना म्हणून त्यांनी पाणी प्यायल्याचा अभिनयच बऱ्याचदा केला. काकूंनी तिन्ही धारांखाली एकच बाटली धरली. टूर मॅनेजरने हळूच आठवण करून दिली. “मी कुठे पितेय?” काकू म्हणाल्या. “मी घरी नेतेय. नेण्याला हाव म्हणत नाहीत.”

इथेच झुइगुदो नावाच्या मंडपाखाली एक तळघर आहे. बूट पिशवीत घालून हातात घ्यायचे आणि डाव्या हाताने मोठमोठ्या मण्यांची दोरी धरून ठार काळोखात उतरायचं. हा देवीचा गर्भ समजतात. काही वेळाने प्रकाशाच्या एका कवडशात एक दगड दिसतो, त्यावर भारतातून गेलेल्या सिद्धम् लिपीतलं एक अक्षर आहे. तो दगड फिरवून इच्छा मागायची आणि पुन्हा जगात यायचं. फार चांगली कल्पना आहे, पण ती एकेकट्या माणसासाठी आहे. आम्ही ओळीने उतरलो.

“कोण आहे पुढे?”

“मी.”

“मी कोण?”

“अहो, मीच.”

“माझा पाय आहे तो.”

“मग मी कुणाचा हात धरलाय?”

या शेवटच्या प्रश्नाला काळोखात कुणीच उत्तर दिलं नाही. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. भारतात तेव्हा सकाळचे सहा वाजले होते, आणि देवीच्या गर्भात वॉचमनचा आवाज घुमला : “साहेब, दूधवाला आलाय, अर्धा ठेवू की एक?” साहेबांनी पुनर्जन्म होण्यापूर्वी अर्धा लिटर बंद केलं. दगडापाशी पोहोचल्यावर काकांनी त्यावरचं अक्षर बघितलं, “हे आपलं आहे,” असं जाहीर केलं आणि मागच्या रांगेला इच्छा मागू न देता त्या अक्षराबद्दल माहिती सांगितली.

वर आल्यावर भविष्याच्या चिठ्ठ्या होत्या. डबा हलवायचा, काडी बाहेर येते, तिच्या क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची. वाईट निघाली तर तिथेच दोरीला बांधून टाकायची, म्हणजे अरिष्ट तिथेच राहतं. बायकोच्या चिठ्ठीत ‘प्रवास : लाभदायक नाही’ असं आलं. तिने ती बांधली नाही. पर्समध्ये ठेवली, वादात उपयोगी पडेल म्हणून.

दुसरं देऊळ सान्जुसान्गेन्दो, आणि इथे बुटांचा प्रश्न ऐरणीवर आला. जपानच्या सहलीसाठी साहेबांनी डोंगर चढायचे बूट घेतले होते. घोट्यापर्यंत उंच, नाड्यांची भोकं मोजायला बसावं लागेल इतकी. काढायला पाच मिनिटं, घालायला दहा, आणि मध्ये वाकल्याबद्दल पाठीला पंधरा. बाकीच्यांनी एकाच दुकानाच्या एकाच सेलमधून पांढरे स्पोर्ट्‌स शूज घेतले होते, त्यामुळे मांडणीत ठेवलेले आमचे बूट एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला आल्यागत दिसत होते. माझ्या उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. जपानी माणसं डोळ्याला डोळा भिडवत नाहीत असं ऐकलं होतं. ती पायांकडे बघतात हे कुणी सांगितलं नव्हतं. मी संपूर्ण देऊळ डावा पाय उजव्यावर ठेवून बघितलं.

आत १००१ कान्नोन आहेत. मधली मोठी बसलेली, दोन्ही बाजूंना पाचपाचशे उभ्या. दालन १२० मीटर लांब. पहिलं देऊळ ११६४ सालचं, ते १२४९ साली जळलं, आणि १२६६ साली पुन्हा उभं राहिलं. मधली मूर्ती तान्केई नावाच्या शिल्पकाराने १२५४ साली वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी पुरी केली. हे ऐकून साहेबांनी निवृत्तीनंतर आपण काय करतो याचा विचार करायला सुरुवात केली आणि लगेच थांबवली.

या हजार चेहऱ्यांत आपल्याला भेटावंसं वाटणाऱ्या माणसाचा चेहरा सापडतो, असं म्हणतात. बायकोने शोध घेतला.

“या बघा. तुमच्या आत्या.”

“आत्या इतक्या शांत कधी होत्या?”

“म्हणून तर दोनदा बघितलं.”

मूर्तींच्या पुढे अठ्ठावीस रक्षक देवता उभ्या आहेत, आणि दोन टोकांना वायू आणि मेघगर्जना यांचे देव. गाईडबाईंनी ओळख करून दिली : हे ब्रह्मा, हे इंद्र, हा बासरी वाजवणारा गरुड. काकांचा चेहरा उजळला. परदेशात स्थायिक झालेले चुलतभाऊ विमानतळावर अचानक भेटावेत तसे ते प्रत्येकापुढे थांबून “हेही आपलेच” म्हणत होते, आणि परदेशातल्या चुलतभावांप्रमाणेच ते देवही चेहऱ्यावर फारशी ओळख दाखवत नव्हते.

“गणपती नाही?” काकूंनी विचारलं.

“जपानमध्ये आहे. कांगितेन म्हणतात. पण त्याची मूर्ती बहुतेक ठिकाणी झाकून ठेवतात.”

“गणपती झाकून?” काकूंना हे पटलं नाही. “अहो, दहा दिवस तरी काढायचा बाहेर!”

इथे फोटो काढायला बंदी आहे. त्यामुळे नवं जोडपं पाच मिनिटांत दुसऱ्या दाराने बाहेर पडलं. बाकीच्यांचेही हात मोकळे पडल्यामुळे काय करावं ते कळेना. काहींनी मग मूर्तींकडे बघितलं. मागच्या ओसरीवर पूर्वी धनुर्विद्येची स्पर्धा होई, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बाण मारायचे. १६८६ साली वासा दाइहाचिरो नावाच्या तरुणाने एका अहोरात्रीत १३,०५३ बाण मारले आणि त्यांतले ८,१३३ नीट पोहोचले.

“बासष्ट टक्के,” साहेब म्हणाले. “उडीवाल्यांचं बरं होतं.”

बाहेर येऊन सगळ्यांनी आपापले बूट घातले, किंवा तसं त्यांना वाटलं. बसमध्ये काकांचा डावा गुडघा दुखायला लागला. त्यावर काकूंनी बाम दिला, कुणी निलगिरीचं तेल दिलं, मी योगासन सुचवलं. जेवणाच्या ठिकाणी पुन्हा बूट काढल्यावर उलगडा झाला. काकांच्या डाव्या पायात माझा बूट होता, एक नंबर लहान. माझा डावा पाय सकाळपासून पहिल्यांदाच ऐसपैस का वाटतोय, याचं श्रेय मी भाबडेपणाने निलगिरीच्या वासाला दिलं होतं.

जेवण झेन मठांतल्या पद्धतीचं होतं, शोजिन र्‍योरी. मांस नाही, मासा नाही, कांदा नाही, लसूण नाही. “म्हणजे चातुर्मास!” काकू खूश झाल्या. जपानमध्ये शाकाहारी माणसाला खुलं मैदान असं हे एकच. एरवी रोजचा संवाद ठरलेला : “यात मासा आहे?” “नाही.” “नक्की?” “मासा अजिबात नाही. फक्त मासा उकळलेलं पाणी आहे.” इथे ती भीती नव्हती. एका भांड्यात समुद्रशेवाळाच्या कोमट पाण्यात टोफूचे पांढरे चौकोन तरंगत होते. सगळ्यांनी आदराने त्यांच्याकडे पाहिलं. मग काकूंनी पिशवीतून चिवडा, लसणीची चटणी आणि लिंबाचं लोणचं काढलं आणि पाच मिनिटांत झेन तत्त्वज्ञानाचं थालीपीठ झालं.

साहेब हात धुवायला गेले आणि ऐटीत परत आले. जेवणघरातली जपानी मंडळी त्यांच्या पायांकडे बघत होती. स्वच्छतागृहासाठी दाराशी वेगळ्या सपाता ठेवलेल्या असतात. त्या आतच घालायच्या आणि आतच सोडायच्या. साहेब त्या घालून चटयांवरून चालत आपल्या जागेवर आले आणि मांडी घालून बसले. वाढणारी मुलगी काही बोलली नाही. तिने फक्त श्वास रोखला आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी त्या सपाता उचलून नेल्या. साहेबांना वाटलं, काय आदरातिथ्य आहे!

आता कचरा. जपानमध्ये रस्त्यावर कचऱ्याची पेटी शोधणं हे तिथल्या देवाच्या दर्शनाइतकंच अवघड आहे. लोक आपला कचरा घरी नेतात. सकाळपासूनच्या केळ्यांच्या साली, चिवड्याची पाकिटं, बामाची रिकामी बाटली आणि चटणीने लाल झालेले कागदी रुमाल असा सगळा ऐवज एका पिशवीत साठला होता, आणि ती पिशवी एकमेकांना देत देत शेवटी माझ्याकडे राहिली. त्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत माझ्या हातात ती आहे. मागची देवळं बदलतात, पिशवी फुगत जाते.

तिसरं देऊळ र्‍योआनजी. १४५० साली होसोकावा कात्सुमोतो या सरदाराने स्थापलेलं. इथली दगडांची बाग जगप्रसिद्ध आहे. १९७५ साली इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने येऊन ती पाहिली. बूट काढले, मी डावा पाय उजव्यावर ठेवला आणि आम्ही लाकडी ओसरीवर ओळीने बसलो. समोर पंचवीस मीटर लांब, दहा मीटर रुंद अंगण. दाताळ्याने रेघा ओढलेली पांढरी खडी. त्यात पाच पुंजक्यांत पंधरा दगड. दगडांच्या बुडाशी थोडं शेवाळ. पलीकडे मातीची भिंत.

“बाग कुठाय?” काकूंनी विचारलं.

“हीच.”

काकूंनी पुन्हा बघितलं. “लावायची राहिलीय का अजून?”

बाग कुणी आखली आणि तिचा अर्थ काय, यावर जाणकारांचं आजवर एकमत झालेलं नाही. गाईडबाईंनी कुजबुजत एवढंच सांगितलं, की ओसरीवर कुठेही बसा, पंधरांपैकी एक तरी दगड दुसऱ्यामागे लपतो. सगळे एकदम दिसत नाहीत. तेव्हा मोजत बसू नका, नुसते बघा.

मोजू नका म्हटल्यावर जो मोजणार नाही असा माणूस तुमच्या पाहण्यात असेल, तर त्यालाच क्योटोला पाठवावं. काकांचे चौदा भरले. साहेबांचे तेरा. काका डाव्या टोकाला सरकले, पुन्हा चौदा, पण वेगळे चौदा. साहेब उजव्या टोकाला गेले. मध्ये बसलेल्या, जगाच्या कानाकोपऱ्यातून शांतता शोधायला आलेल्या लोकांच्या डोक्यावरून दोघांच्या खाणाखुणा सुरू झाल्या.

“तो मागचा धरलात का?”

“कुठला मागचा?”

“बुटका! जाड्याच्या मागचा!”

त्या दोघांच्या मधला एक जाडसर गृहस्थ डोळे मिटून बसला होता, त्याने एक डोळा उघडला.

नव्या जोडप्यातल्या नवऱ्याने सेल्फी स्टिक उंच केली. तिथल्या सेवकाने हात जोडून ती खाली करवली. साहेबांनी मग हिशेबी पद्धत काढली : पुंजक्यांप्रमाणे नोंद करायची. डावीकडून पाच, दोन, तीन, दोन, तीन. बेरीज पंधरा. “झाले!” साहेब म्हणाले. “हे वेगवेगळ्या जागांवरून जमवलेत,” काका म्हणाले. “एका जागेवरून पाहिजेत.” आवाज वाढला. माझी बायको मला म्हणाली, “तुम्ही काहीतरी बोला.” मी म्हणालो, “मला अकराच दिसतायत.” हे खरं होतं, कारण माझ्यासमोर कचऱ्याची पिशवी होती.

तेवढ्यात प्रवेशाकडून काकूंची हाक आली. “अहो, इकडे या सगळे! इथे पंधराच्या पंधरा आहेत!”

तिथे बागेची छोटी प्रतिकृती ठेवलेली आहे, ज्यांना दृष्टी नाही त्यांनी हाताने चाचपून बाग बघावी म्हणून. काकू चष्मा विसरून आल्या होत्या, म्हणून त्यांनी बोटांनी मोजले. ज्यांना दिसतं त्यांना चौदा, ज्यांना दिसत नाही त्यांना पंधरा, असा हा चोख कारभार. काकांनी हरकत घेतली की नमुन्यातले धरायचे नाहीत. पण साहेबांनी कागदावर खूण केली आणि दगड हे प्रकरण बंद झालं.

मागच्या बाजूला दगडाचं एक जलपात्र आहे. ‘आहे त्यात समाधान मानतो’ अशा अर्थाची चार अक्षरं त्यावर कोरलेली आहेत. त्याचा फोटो सगळ्यांत पुढून मिळावा म्हणून तिथे जी रेटारेटी झाली, तीत माझी पिशवी फाटली.

चौथं किन्काकुजी, सोन्याचा मंडप. योशिमित्सू या शोगुनने १३९७ साली हा आपल्या निवृत्तीसाठी बांधायला घेतला, वयाच्या चाळिशीच्या आत. तळ्याच्या काठी तीन मजले, वरच्या दोन मजल्यांना सोनं, शिखरावर सोन्याचा फिनिक्स पक्षी. आत जाता येत नाही. तळ्याच्या अलीकडून बघायचं.

“इथे पण ‘आतून’ लिहिलंय,” काका म्हणाले.

“काका, फाटकाच्या आतून,” टूर मॅनेजर म्हणाला. सकाळपासून तो बराच शिकला होता.

मग गाईडबाईंनी सांगितलं, की १९५० साली इथल्याच एका शिकाऊ भिक्षूने हा मंडप पेटवून दिला. सगळा जळला. म्हणजे जागा सहाशे वर्षांपूर्वीची, इमारत १९५५ सालची आणि सोनं १९८७ साली पुन्हा चढवलेलं.

“मी बावन्नचा!” काका ओरडले. “म्हणजे मी याच्याहून जुना!” त्यानंतर ते जरा ताठ चालायला लागले. मंडळींनी त्यांचेही दोनचार फोटो काढले.

सोनं सुमारे वीस किलो, असं कळल्यावर बायकांचा घोळका पुढे आला. दहा ग्रॅमचा तोळा धरून दोन हजार तोळे. काकूंना एवढंच कळेना की तळमजल्याला का नाही. “बजेट संपलं असेल,” साहेब म्हणाले. सत्त्याऐंशी साली आपण सगळ्यांनीच सोनं घेऊन ठेवायला हवं होतं, या एका मुद्द्यावर दिवसभरात पहिल्यांदाच ग्रुपचं एकमत झालं, आणि त्या चर्चेत मंडपाकडे सगळ्यांची पाठ होती. पाठ असण्याचं दुसरं कारण फोटो. मी तळ्याकाठी उभा राहिलो. बायकोने फोटो काढला, बघितला आणि म्हणाली, “पक्षी छान आलाय.” तो माझ्या टकलावर बसलेला होता.

पाचवं गिन्काकुजी, चांदीचा मंडप. योशिमित्सूच्या नातवाने, योशिमासाने, १४८२ साली बांधायला घेतलेला. पण सोन्याचा भाव करण्यात इतका वेळ गेला होता, की शहराच्या दुसऱ्या टोकाला बस पोहोचेपर्यंत पाच वाजून गेले. फाटक बंद. बस वळवताना टूर मॅनेजरने माइक घेतला आणि डोंगराच्या दिशेने हात केला. “त्या झाडांच्या मागे आहे.”

“दिसत नाहीये,” सगळी बस म्हणाली.

“रस्त्यावरून दिसत नाही.”

“चांदी तरी चमकत असेल की!”

“चांदी नाहीच त्याला,” गाईडबाई म्हणाल्या. “कधीच लावली गेली नाही.”

काकांनी क्षणभर विचार केला, मग खिशातून कागद काढला आणि गिन्काकुजीपुढे बरोबरची खूण केली. “जी चांदी नाही ती दिसली नाही. म्हणजे हे एकच बरोबर पाहिलं.”

रात्री हॉटेलच्या लॉबीत सगळ्यांनी फोटोंची देवाणघेवाण केली. टूर मॅनेजरने अभिप्रायाचे कागद वाटले. त्यात ‘सर्व स्थळे समाधानकारकरीत्या पाहिली’ असा रकाना होता आणि सगळ्यांनी तो भरला. साहेबांनी शेरा मारला : ‘मूर्ती उघडण्याच्या वेळा गैरसोयीच्या आहेत.’

तुम्ही क्योटोला जाणार असाल तर बिननाडीचे बूट घ्या, शाबूत मोजे घाला आणि कचऱ्यासाठी दोन पिशव्या ठेवा, एक फाटते. दिवसाला दोनच देवळं बघा. दगड मोजू नका. आम्ही मोजलेत, पंधरा आहेत. आणि २०३३ सालच्या दर्शनाचा बेत असेल तर बुकिंग करण्यापूर्वी ग्रुपमधल्या माणसांची यादी मागून घ्या. नाशिकच्या काकांनी तारीख विचारून ठेवली आहे.